उन्हाळी सुटीत मुला-मुलींना महाविद्यालयाच्या आवारात पाठवा



मे महिना म्हणजे आपल्याकडे नांगरट, मोगडणी, शेणखत पसरणे आणि बी-बियाण्याची जुळवाजुळव यांचा महिना. याच महिन्यात शाळांना सुटी असते. तुळजापूर तालुक्यातील आठवी ते दहावीची बहुतेक मुले या दिवसांत आई-वडिलांच्या हाताखाली कामाला लागतात. काही मामाच्या गावी जातात, तर काही पाण्याच्या टँकरमागे घागरी घेऊन धावतात. कामाची सवय लागते हे चांगलेच आहे. परंतु याच वयात मुलाच्या आयुष्याचा एक मोठा निर्णय जवळ येत असतो, याकडे आपले लक्ष नसते. दहावीचा निकाल लागला की थोड्याच दिवसांत अकरावीची शाखा निवडावी लागते. सन २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन पद्धतीने होत आहेत. अर्ज भरताना कला, वाणिज्य की विज्ञान हे ठरवूनच पसंतीक्रम द्यावा लागतो. ज्या मुलाने महाविद्यालय म्हणजे काय, प्रयोगशाळा म्हणजे काय हे कधी पाहिलेलेच नाही, तो हा निर्णय मित्र काय घेतो ते पाहून किंवा घराजवळ कोणते महाविद्यालय आहे ते पाहून घेतो.

या दृष्टीने उन्हाळी सुटीत माध्यमिक शाळेतील मुलांसाठी महाविद्यालयांच्या व संशोधन संस्थांच्या आवारात होणारी निवासी शिबिरे उपयुक्त ठरतात. ही शिबिरे कशी असतात, आपल्या मुलांना त्यांचा लाभ कसा घेता येईल आणि गावपातळीवर असे शिबिर कसे भरवता येईल, याची माहिती या लेखात दिली आहे.

उन्हाळी शिबिर म्हणजे काय?

येथे शिकवणी वर्ग किंवा नाच-गाण्याचे छंदवर्ग अभिप्रेत नाहीत. महाविद्यालयाच्या परीक्षा संपल्या की तेथील प्रयोगशाळा, ग्रंथालय, प्रक्षेत्र आणि काही वसतिगृहे मोकळी होतात. त्या काळात पाच दिवसांपासून दोन-तीन आठवड्यांपर्यंत शाळकरी मुलांना तेथे ठेवून घेतले जाते. महाविद्यालयातील शिक्षक त्यांना शिकवतात. मुले स्वतःच्या हाताने प्रयोग करतात, वसतिगृहात राहतात आणि मोठ्या विद्यार्थ्यांशी बोलतात. येथे गुणपत्रिका नसते आणि नापास होण्याची भीतीही नसते.

या कल्पनेची सुरुवात

या कल्पनेचा शेतीशी जुना संबंध आहे. अमेरिकेत सन १८६२ मध्ये मॉरिल कायदा झाला. राज्यांना सरकारी जमीन देऊन तिच्या उत्पन्नातून शेती व यंत्रविद्या शिकवणारी महाविद्यालये उभारावीत, असा तो कायदा होता. महाविद्यालये उभी राहिली, संशोधनही सुरू झाले, परंतु नवीन शिफारशी वयस्क शेतकरी सहजासहजी स्वीकारत नसत. सन १९०२ मध्ये ओहायो राज्यातील ए. बी. ग्रॅहम या शाळा अधीक्षकाने खेड्यातील मुला-मुलींचे मंडळ स्थापन केले. ही मुले लिटमस कागदाने शेतातील माती तपासत, मक्याच्या बियाण्याची परीक्षा घेत आणि लहान वाफ्यावर पीक घेऊन पाहत. मुलाने घेतलेले पीक डोळ्यांनी पाहिल्यावर वडिलांचाही विश्वास बसू लागला. अशा मंडळांतूनच पुढे ‘फोर-एच’ ही चळवळ वाढली. सन १९१४ च्या स्मिथ-लिव्हर कायद्याने विद्यापीठांच्या विस्तारकार्याला पक्का आधार मिळाला आणि मंडळातील मुलांना उन्हाळ्यात काही दिवस कृषि महाविद्यालयात आणून शिकवण्याची पद्धत अनेक राज्यांत रूढ झाली.

पुढे इतर विषयांतही अशी शिबिरे सुरू झाली. गणिताचे प्राध्यापक अर्नोल्ड रॉस यांनी सन १९५७ मध्ये सुरू केलेला शाळकरी मुलांचा उन्हाळी गणित कार्यक्रम आजही प्रसिद्ध आहे. सन १९६५ मध्ये अमेरिकन सरकारने ‘अपवर्ड बाउंड’ हा कार्यक्रम सुरू केला. ज्या गरीब घरात कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही, त्या घरातील मुलांना उन्हाळ्यात महाविद्यालयाच्या आवारात विनामूल्य ठेवून शिकवावे, हा त्यामागील हेतू होता. आपल्या भागासाठी हे उदाहरण अधिक जवळचे आहे.

आपल्या देशातील कृषि विद्यापीठे अमेरिकेतील या महाविद्यालयांच्याच धर्तीवर उभारली गेली. पहिले विद्यापीठ सन १९६० मध्ये पंतनगर येथे झाले. महाराष्ट्रात राहुरी, अकोला, दापोली व परभणी येथे विद्यापीठे झाली. त्यांपैकी परभणीचे विद्यापीठ १८ मे १९७२ रोजी स्थापन झाले. शिक्षण, संशोधन व विस्तार ही त्रिसूत्री आपण घेतली. परंतु शाळकरी मुलाला विद्यापीठात आणून त्याच्यामार्फत ज्ञान घरापर्यंत नेण्याची बाजू आपल्याकडे तेवढी रुजली नाही. ती रुजवणे आजही शक्य आहे.

आपल्या मुलांना कोठे संधी आहे?

१) इस्रोचा ‘युविका’ कार्यक्रम : भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने सन २०१९ मध्ये नववीच्या विद्यार्थ्यांसाठी हा कार्यक्रम सुरू केला. साधारणतः मे महिन्यात दोन आठवडे मुलांना इस्रोच्या केंद्रात ठेवून घेतात. अर्ज ऑनलाइन असून ते बहुधा फेब्रुवारी-मार्चमध्ये मागवले जातात. निवड करताना आठवीचे गुण, प्रश्नमंजुषा, विज्ञान प्रदर्शन व क्रीडा स्पर्धांतील सहभाग, स्काउट-गाइड अथवा एन.सी.सी. यांचा विचार होतो. ग्रामपंचायत हद्दीतील शाळेत शिकणाऱ्या मुलांना वेगळे गुण मिळतात, ही आपल्या दृष्टीने महत्त्वाची बाब आहे. प्रवास, निवास व भोजनाचा खर्च इस्रो करते. त्या वर्षीचे नियम सूचनेत नीट वाचावेत.

२) होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र, मुंबई : सन १९७४ मध्ये स्थापन झालेले हे केंद्र विज्ञान व गणित ऑलिंपियाड स्पर्धांचे काम पाहते. टप्प्याटप्प्याने परीक्षा होऊन निवडलेल्या मुलांची शिबिरे साधारणतः एप्रिल ते जून या काळात होतात. ही वाट कठीण आहे. पण गणिताची विशेष आवड असलेल्या मुलाला तिची माहिती तरी असावी.

३) इन्स्पायर : केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने सन २००८ मध्ये सुरू केलेल्या या योजनेतून अकरावी विज्ञानाच्या गुणवंत विद्यार्थ्यांसाठी देशभर अनेक महाविद्यालयांत पाच दिवसांची निवासी शिबिरे झाली. याच योजनेच्या ‘मानक’ भागात शाळेतील मुलांच्या नव्या कल्पनांना प्रोत्साहन दिले जाते. मुख्याध्यापकांकडे याबाबत चौकशी करावी.

४) पाबळचा विज्ञान आश्रम : डॉ. कलबाग यांनी सन १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे हा आश्रम सुरू केला. हाताने काम करत शिकणे ही त्याची पद्धत आहे. सुतारकाम, वेल्डिंग, वीज, शेती व पशुपालन या कामांतून विज्ञान शिकवण्याचा हा प्रयोग पाहण्यासारखा आहे. शिबिर आखताना त्याचा उपयोग होतो.

५) तुळजापुरातील संस्था : आपल्या तुळजापुरातच विद्यापीठाचे कृषि विज्ञान केंद्र आहे. सन १९८६ मध्ये सुरू झालेले टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे ग्रामीण आवार येथेच आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी, धाराशिव येथे विद्यापीठाचे कृषि महाविद्यालय आहे. या ठिकाणी दरवर्षी शाळकरी मुलांसाठी शिबिर होतेच असे समजू नये. मात्र शाळेने वेळेवर लेखी विनंती केल्यास शिवारफेरी, प्रयोगशाळा भेट किंवा लहान शिबिर ठरवता येते. गावापासून एस.टी.ने तास-दीड तासावर असलेले आवार दूरच्या मोठ्या नावाच्या संस्थेपेक्षा कितीतरी मुलांच्या उपयोगी पडते.

यातून फायदा काय?

कृषि पदवीच्या पहिल्या वर्षाला येणारी मुले आम्ही दरवर्षी पाहतो. शेतात वाढलेला मुलगासुद्धा सूक्ष्मदर्शक यंत्राला हात लावताना बिचकतो, प्रश्न विचारायला कचरतो. त्याची बुद्धी कमी नसते, त्याला त्या वातावरणाची सवय नसते. पाच-सहा दिवसांच्या सहवासाने ही भीड बरीच मोडते.

दुसरा फायदा शाखा निवडीचा. बी.एस्सी. (कृषि) या चार वर्षांच्या पदवीला प्रवेश घ्यायचा तर बारावी विज्ञान आणि राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा हवी. अकरावीला दुसरी शाखा घेतल्यावर हे कळून उपयोग नसतो. ज्याला लवकर व्यवसायाला लागायचे आहे, त्याच्यासाठी दहावीनंतर कृषि पदविकेचा मार्ग आहे. ही माहिती नववीच्या उन्हाळ्यातच मिळाली पाहिजे.

तिसरा फायदा मुलींचा. दहावीनंतर ‘पुढे काय शिकायचे ठेवले आहे’ असे म्हणून ज्या मुलीचे शिक्षण थांबते, तिने आपल्याच जिल्ह्यातील एखादी मुलगी कृषि महाविद्यालयात शिकताना, वसतिगृहात सुरक्षित राहताना पाहिली, तर ती घरी येऊन ठामपणे बोलू शकते. तिच्या आईनेही शेवटच्या दिवशी आवार पाहून यावे. आईने डोळ्यांनी पाहिले की घरातील निम्मा विरोध कमी होतो.

चौथा फायदा थेट शेतीचा आहे. तो पुढील नमुन्यावरून लक्षात येईल.

सहा दिवसांच्या शिबिराचा नमुना

शाळा, ग्रामपंचायत व कृषि विज्ञान केंद्र यांनी मिळून तीस ते चाळीस मुलांचे शिबिर मेच्या पहिल्या पंधरवड्यात घ्यावे. उन्हाचा विचार करून शिवारातील काम सकाळी साडेसहा ते साडेनऊ, प्रयोगशाळा व वर्ग दुपारी आणि चर्चा संध्याकाळी ठेवावी.

*पहिला दिवस – माती :* शेतात नागमोडी वळणाने फिरून आठ-दहा ठिकाणे निवडावीत. इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा सुमारे २० सें.मी. खोल खड्डा घेऊन कडेची माती खुरपून घ्यावी. सर्व माती एकत्र करून चार भाग करावेत आणि समोरासमोरचे दोन भाग टाकून द्यावेत. अर्धा किलो माती उरेपर्यंत असे करावे. झाडाखालची, बांधाजवळची व उकिरड्याची जागा टाळावी. नंतर प्रयोगशाळेत सामू व क्षारता कशी मोजतात ते मुलांनी स्वतः करून पाहावे.

*दुसरा दिवस – पाणी :* एक हेक्टर क्षेत्रावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १०,००० लिटर पाणी पडले, हे गणित मुलांकडून करून घ्यावे. शाळेचे छप्पर २० मीटर लांब व १० मीटर रुंद असेल, तर २५ मि.मी. पावसात त्यावर ५,००० लिटर पाणी पडते. टँकरच्या रांगेत उभ्या राहिलेल्या मुलाला हा आकडा वेगळा समजावून सांगावा लागत नाही. नंतर बांधबंदिस्ती, शेततळे व रुंद वरंबा सरी पद्धत प्रक्षेत्रावर दाखवावी.

*तिसरा दिवस – बियाणे :* उगवणशक्ती परीक्षा व बीजप्रक्रिया. सोयाबीनचे टरफल नाजूक असते, म्हणून बियाणे जोराने चोळू नये, हे प्रत्यक्ष दाखवावे. आधी बुरशीनाशक आणि बियाणे सावलीत सुकल्यानंतर जिवाणू संवर्धक हा क्रम मुलांनी पाठ न करता कारणासह समजून घ्यावा. बुरशीनाशक हाताळण्याचे काम मात्र मोठ्यांनी करावे, मुलांनी फक्त पाहावे.

*चौथा दिवस – पिकाचे गणित :* सोयाबीनमध्ये दोन ओळींत ४५ सें.मी. आणि दोन रोपांत ५ सें.मी. अंतर ठेवले तर हेक्टरी किती रोपे बसतील? उत्तर सुमारे ४ लाख ४४ हजार येते. तुरीचे अंतर ९० बाय २० सें.मी. असेल तर सुमारे ५५ हजार ५०० येते. शाळेत क्षेत्रफळाच्या गणिताला कंटाळणारा मुलगा हे गणित आवडीने सोडवतो.

*पाचवा दिवस – किडी, मित्रकीटक व पशुधन :* सूक्ष्मदर्शकाखाली कीटक पाहणे, कामगंध सापळा लावणे, गांडूळ खताचा वाफा भरणे, मुरघास पाहणे.

*सहावा दिवस – पुढचे शिक्षण :* पालकांना बोलवावे. मुलांनी केलेले काम त्यांनीच पालकांना समजावून सांगावे. अकरावीच्या शाखा, पदविका, पदवी, शिष्यवृत्ती व वसतिगृहे यांची माहिती फलकावर लिहून द्यावी.

शिबिरानंतर घरी करावयाचे काम

शिबिरात शिकलेले घरी वापरले नाही तर ते पंधरा दिवसांत विसरते. त्यासाठी प्रत्येक मुलाने घरच्या सोयाबीन बियाण्याची उगवणशक्ती तपासावी. सन २०२० च्या खरिपात मराठवाड्यासह राज्यात सोयाबीन न उगवल्याच्या मोठ्या प्रमाणावर तक्रारी आल्या होत्या. दुबार पेरणीचा फटका काय असतो हे आपणास सांगणे नको.

पोत्यातील बियाणे चांगले मिसळून न निवडता १०० दाणे घ्यावेत. ओल्या गोणपाटावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडाव्यात, वरून दुसरे ओले गोणपाट घालून गुंडाळी करावी आणि सावलीत ठेवावी. रोज पाणी शिंपडून ओलावा टिकवावा. सात-आठ दिवसांनी चांगले कोंब आलेले दाणे मोजावेत. असे तीन नमुने करून सरासरी काढावी. समजा ६८, ६४ व ६६ दाणे उगवले, तर उगवणशक्ती ६६ टक्के झाली.

उगवणशक्ती ७० टक्के असल्यास हेक्टरी ७५ किलो, म्हणजे एकरी ३० किलो बियाणे वापरावे. ७० पेक्षा कमी होणाऱ्या प्रत्येक टक्क्यामागे हेक्टरी अर्धा किलो बियाणे वाढवावे. वरील उदाहरणात चार टक्के कमी आहेत, म्हणून हेक्टरी ७७ किलो बियाणे लागेल. उगवणशक्ती ६० टक्क्यांपेक्षा कमी आल्यास ते बियाणे पेरू नये. पेरणी ७५ ते १०० मि.मी. पाऊस झाल्यावरच आणि ३ ते ४ सें.मी. खोलीवर करावी. गोणपाटाचे एक फडके आणि नववीतल्या मुलीची वही एवढ्यावर घरचे बियाणे पेरावे की नाही हे ठरवता येते. ओहायोतील मुलांनी मक्याच्या बाबतीत जे केले तेच हे काम आहे.

पैसे भरण्यापूर्वी तपासा

आजकाल मोठ्या शहरांत आणि ऑनलाइन जाहिरातींत ‘समर स्कूल’ नावाने भारी शुल्काची शिबिरे दिसतात. परदेशातील नामांकित विद्यापीठांच्या आवारात काही आठवड्यांसाठी हजारो डॉलर घेतले जातात. अशा शिबिरात गेल्याने त्या विद्यापीठात प्रवेश मिळतोच असे नाही. आपल्याकडेही हेच लक्षात ठेवावे. कर्ज काढून किंवा दागिना मोडून मुलाला शिबिराला पाठवू नये. पुढील बाबी तपासाव्यात :

१) शिबिर संस्था स्वतः घेते की केवळ तिची जागा भाड्याने घेतली आहे? संस्थेच्या कार्यालयात विचारावे.

२) शिकवणारे कोण आहेत? प्रयोग मुले करणार की फक्त पाहणार?

३) ‘प्रवेशाची हमी’ किंवा ‘नोकरीची हमी’ असे लिहिले असेल तर दूर राहावे.

४) शुल्कात निवास, भोजन व प्रवास धरला आहे का? पावती मिळते का?

५) मुलींसाठी स्वतंत्र निवास व पूर्णवेळ महिला अधीक्षक आहे का? पालकांना कोणत्याही वेळी भेटता येते का?

६) मे महिन्यात वसतिगृहाला पाणी पुरते का? जवळ दवाखान्याची सोय आहे का? हा प्रश्न विचारण्यात संकोच करू नये.

वर्षभराचे नियोजन

* जून-जुलै : मुलाच्या वह्या, विज्ञान प्रदर्शन व स्पर्धांची प्रमाणपत्रे जपून ठेवण्यास सुरुवात करावी.
* नोव्हेंबर-डिसेंबर : शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत उन्हाळी शिबिराचा विषय घ्यावा.
* जानेवारी : कृषि विज्ञान केंद्र अथवा महाविद्यालयाला मुख्याध्यापकांनी लेखी पत्र द्यावे. मुलांची संख्या, इयत्ता व दिवस स्पष्ट लिहावेत.
* फेब्रुवारी-मार्च : युविकासारख्या कार्यक्रमांच्या सूचना पाहाव्यात. आधार कार्ड, गुणपत्रक व शाळेचा दाखला तयार ठेवावा.
* एप्रिल : पालकांची लेखी संमती, आरोग्य तपासणी व प्रवासाची सोय करावी.
* मे : शिबिर. त्यानंतर लगेच उगवणशक्ती परीक्षा.

ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांतील मुले याच सुमारास गावी परत आलेली असतात. त्यांची नावे शाळेच्या यादीतून गळणार नाहीत याकडे शिक्षकांनी आवर्जून लक्ष द्यावे. ज्यांना शिबिराची सर्वांत जास्त गरज आहे तीच मुले बहुधा मागे राहतात.

आपण खरिपासाठी चांगले बियाणे शोधतो, त्यासाठी तालुक्याच्या दुकानात चार खेपा घालतो. तेवढ्याच तत्परतेने आपल्या मुला-मुलीसाठी एक खेप शाळेत व एक खेप कृषि विज्ञान केंद्रात घालावी. मे महिन्यातील सहा दिवस एक माणूस कमी राहिल्याने नांगरट थांबत नाही. तरी तुळजापूर परिसरातील शेतकरी बंधू-भगिनी, मुख्याध्यापक व ग्रामपंचायतींनी येत्या उन्हाळ्यासाठी आतापासून तयारी करावी आणि आपल्या मुलांना महाविद्यालयाचे आवार आतून पाहण्याची संधी द्यावी.